मुरत ठेवलेला बीकर

बी.एस्सी.ला असताना बेरियम सल्फेटचं प्रात्यक्षिक होतं. सल्फेटच्या द्रावणात बेरियम क्लोराइड घालायचं, तयार झालेला पांढराशुभ्र अवक्षेप गाळून, मुशीत तापवून तोलायचा. मी घाईघाईत सगळं बेरियम क्लोराइड एकदम ओतलं आणि लगेच गाळायला घेतलं. गाळणकागदाखाली दुधाळ पाणी उतरलं; तोलायचा ऐवजच कागदातून पसार झाला होता. सर म्हणाले, "परत कर. द्रावण गरम ठेव, थेंब थेंब घाल, ढवळत राहा. आणि मग तासभर वॉटर बाथवर मुरू दे."

लोणचं मुरतं, मुरांबा मुरतो. अवक्षेपाला काय मुरायचं असतं?

एकदम ओतल्यावर द्रावण प्रमाणाबाहेर अतिसंपृक्त होतं. असंख्य कण एकाच क्षणी जन्मतात आणि प्रत्येकाच्या वाट्याला थोडाच माल येतो. म्हणून सगळेच बारीक राहतात. आता स्फटिकाच्या पोटातल्या आयनाला चहूबाजूंनी शेजारी असतात. पृष्ठभागावरच्याला ते कमी पडतात, त्यामुळे त्याची पकड सैल असते. एका घनाचे प्रत्येक बाजूने दहा भाग केले, तर 1000 लहान घन होतात आणि पृष्ठभाग दहापट वाढतो. म्हणजे कण जितका लहान, तितके त्यात काठावरचे रहिवासी जास्त, आणि तितका तो सहज विरघळतो.

इथेच गंमत आहे. बारीक कणाभोवतीचं द्रावण किंचित अधिक दाट असतं, मोठ्याभोवतीचं किंचित पातळ. आयन दाटीकडून विरळीकडे सरकतात आणि मोठ्या कणावर जाऊन बसतात. लहान कण आणखी लहान होतो, म्हणून आणखी वेगाने विरघळतो. मोठा मासा लहान माशाला गिळतो म्हणावं, तर इथे दोघांची गाठही पडत नाही. सगळा व्यवहार मधल्या पाण्यामार्फत.

रीगा इथे 1853 साली जन्मलेल्या विल्हेल्म ओस्टवाल्ड यांच्या नावाने ही क्रिया ओळखली जाते. रसायनशास्त्राचं 1909 चं नोबेल त्यांनाच मिळालं, उत्प्रेरणावरच्या कामासाठी. मुरण्याचा हिशेब मात्र 1961 मध्ये लिफ्शिट्झ आणि स्ल्योझोव्ह या सोव्हिएत शास्त्रज्ञांनी आणि जर्मनीच्या वॅगनर यांनी मांडला. कण पुरेसे मुरले, की सरासरी त्रिज्येचा घन काळाच्या प्रमाणात वाढतो. त्रिज्या दुप्पट व्हायला आठपट वेळ लागतो! सुरुवातीची मिळकत झटपट, पुढची कष्टाची.

फ्रीजरमधलं आइस्क्रीम काही आठवड्यांनी जिभेला खरखरीत लागतं, त्यामागेही हेच. दाराची उघडझाप झाली की तापमान वरखाली होतं; बारीक हिमकण वितळतात आणि ते पाणी पुन्हा गोठताना मोठ्या कणांवर चढतं.

पुनर्स्फटिकीकरणात रसायनतज्ज्ञ हीच देवघेव शुद्धीसाठी वापरतात. बेंझोइक आम्ल थंड पाण्यात जेमतेम विरघळतं, उकळत्या पाण्यात त्याच्या पंधरापट तरी. गरम द्रावण गाळून हळूहळू निवू दिलं, की रेणू आपल्यासारख्याच रेणूंशेजारी जागा धरतात आणि परका रेणू बहुतेक वेळा पाण्यातच राहतो. बर्फात बुडवून घाई केली, तर परकेही आत अडकतात.

पण स्फटिक नेहमी आपल्या मर्जीने वागत नाहीत. ओस्टवाल्ड यांनीच सांगून ठेवलं होतं, की द्रावणातून बरेचदा आधी कमी स्थिर रूप बाहेर येतं, सर्वांत स्थिर रूप मागाहून. रिटोनाविर हे एचआयव्हीवरचं औषध 1996 साली बाजारात आलं. त्याच्या कॅप्सूलमध्ये औषध विरघळवून भरलेलं असे. 1998 मध्ये त्यात एक नवंच स्फटिकरूप अवतरलं. रेणू तोच, रचना वेगळी, अधिक स्थिर आणि म्हणून विरघळायला जड. पोटात न विरघळणारं औषध काय कामाचं? कॅप्सूलचा पुरवठा थांबवावा लागला आणि औषध नव्या रूपात आणावं लागलं.

प्रयोगशाळेत त्या दिवशी दुसरा बीकर मी वॉच ग्लास झाकून ठेवला. तासाभरानेही तळाशी तोच पांढरा थर दिसत होता. काही घडल्याची खूण नव्हती. पण गाळताना खाली उतरलेलं पाणी मात्र नितळ होतं.