मागील आसाचे गुणोत्तर : संज्ञेचा एक प्रश्न

मोटारीच्या मागील आसात पिनियन हे लहान दंतचक्र क्राउन या मोठ्या दंतचक्रास फिरविते. क्राउनच्या दात्यांस पिनियनच्या दात्यांनी भागिले असता आसाचे गुणोत्तर मिळते. महिंद्रच्या जुन्या सीजे-३बी जीपमध्ये ते ४३/८, म्हणजे ५.३८ होते. अशा जीपला मंद फेऱ्यांचे डिझेल इंजिन बसविल्यावर ३९/८, म्हणजे ४.८८ ही जोडी घ्यावी काय, असा प्रश्न उद्भवतो.

चाकाचा परिघ २.२५ मीटर धरल्यास ताशी ६० किलोमीटर वेगास, थेट गिअरमध्ये, पहिल्या जोडीने इंजिनाच्या मिनिटास सुमारे २३९० फेऱ्या होतात. दुसरीने सुमारे २१६५. वऱ्हाडच्या सपाट रस्त्यावर हा लाभच होय. परंतु चाकाशी पोचणारी ओढ ९ टक्क्यांनी घटते, आणि ती उणीव चिखलदऱ्याच्या घाटात जाणवते.

येथे भाषा घोटाळा करते. ‘मोठे गुणोत्तर’ म्हणताच ऐकणारा मोठा वेग समजतो. वस्तुतः आकडा मोठा तितकी ओढ अधिक व वेग कमी. जोडी दात्यांच्या संख्येने सांगण्याची बाजारातील रीत मात्र निःसंदिग्ध आहे. रिद्धपूरच्या मराठी भाषा विद्यापीठात परिभाषेचा विचार करणाऱ्यांनी तीच ग्राह्य मानावी.

कारण चूक महागात पडते. पुढील व मागील आसांची गुणोत्तरे भिन्न राहिल्यास चारही चाके जोडताच यंत्रणेवर ताण येऊन ती मोडू शकते. शिवाय वेगदर्शकाची जोडणी आसाच्या अलीकडे असल्याने, ती न बदलल्यास तो ६० दाखवी तेव्हा खरा वेग ६६ असतो.