रिटर्न गिफ्ट

गेल्या वाढदिवसाला मला शेपटी हलवणारं गिफ्ट मिळालं. मित्रमैत्रिणींनी कॉन्ट्रिब्युशन काढून लॅब्रॅडॉरचं पिल्लू आणलं, गळ्यात लाल रिबन! फोटो झाले, केक संपला, मंडळी आपापल्या घरी गेली. उरलो मी आणि तो. मी नाव ठेवलं बिस्किट.

चार महिन्यांत बिस्किटने तीन चपला, एक चार्जर आणि घरमालकाची मर्जी, एवढं सगळं फस्त केलं. त्यात माझ्या कामाच्या वेळा बेभरवशाच्या. शेवटी ठरवलं, बस्स! वसईच्या मैत्रिणीकडे वाडी आहे, मोठं अंगण आहे, तिथेच देऊन टाकू. एका रविवारी मित्राची गाडी मागून घेतली आणि निघाले.

मैत्रिणीची आजी नुकतीच मिस्साहून आली होती.

‘‘आजी, तुमच्यासाठी गिफ्ट!’’

आजीने आधी बिस्किटकडे पाहिलं, मग माझ्याकडे. ‘‘नाव कोणी ठेवलं?’’

‘‘मीच.’’

‘‘मग तो तुझाच. देवाने सगळे प्राणी घडवले आणि नावं ठेवायला आदामाकडे आणले. ज्याने नाव ठेवलं, त्याने सांभाळायचं.’’

मी गप्प. पण पत्रकाराचा किडा स्वस्थ बसतो का? घरी आल्यावर बायबल उघडलं.

बैलालाही वीकली ऑफ

माणसाला प्राण्यांवर सत्ता दिली, असं उत्पत्तीच्या पहिल्याच अध्यायात आहे. ‘म्हणजे हवं ते करा’ असा अर्थ अनेकांनी काढला. पोप फ्रान्सिस यांनी 2015 च्या ‘लाउदातो सी’ या पत्रात तो साफ नाकारला. पृथ्वी आपल्याला मिळालेली आहे, आपण तिचे मालक नाही, हा त्यांचा मुद्दा. हे प्राण्यांनाही लागू.

पुढे तर धमालच. निर्गम या पुस्तकात सातव्या दिवशी सुटी घ्यायला सांगितलंय, आणि कारण काय, तर बैल आणि गाढवालाही विश्रांती मिळावी! नाथान संदेष्टा दावीद राजाला एका गरिबाची गोष्ट सांगतो. त्याची एकुलती मेंढी त्याच्याच ताटात खाते, कुशीत झोपते, लेकीसारखी वाढते. श्रीमंत शेजारी पाहुण्यासाठी तीच कापतो. राजा भडकतो. गोष्ट खरं तर राजाच्याच पापाची आहे, पण मला दिसली ती ताटाजवळची मेंढी. बिस्किटही माझ्या डिशवर असाच डोळा ठेवून असतो.

असिसीचे संत फ्रान्सिस यांनी 1223 च्या नाताळात ग्रेच्चो गावी गोठ्याचा देखावा उभारला, तोही खऱ्याखुऱ्या बैल-गाढवासह. 4 ऑक्टोबर हा त्यांचा सण. त्या सुमारास जगभरातल्या अनेक चर्चमध्ये पाळीव प्राण्यांना आशीर्वाद दिला जातो. कुत्री, मांजरं, पोपट, सगळ्यांना एन्ट्री!

आणि बिस्किट?

तो माझ्याकडेच आहे. अलार्म सहाचा झाला, चपला कपाटात गेल्या. घरमालकाशी बोलणी अजून चालू आहेत, घर बदलावं लागलं तरी दोघांसाठी शोधणार. टूरवर असले की बिस्किटचा मुक्काम वसईला. आजी म्हणते, ‘‘सांभाळायला आणलास तर हजारदा आण.’’

त्या रविवारी निघताना आजीने मला एक पिशवी दिली होती. वाडीतली केळी आणि वर बिस्किटचा पट्टा.

‘‘हे तुझं रिटर्न गिफ्ट,’’ ती म्हणाली.