सायलेन्सर बदलला की बाईकची ताकद खरंच वाढते का?

सोशल मीडियावर एक व्हिडिओ दर काही महिन्यांनी फिरून फिरून येतो. रस्त्यावर ओळीने मांडलेले बुलेटचे चकचकीत सायलेन्सर आणि त्यांच्यावरून सावकाश जाणारा पोलिसांचा रोडरोलर. शहर बदलतं, व्हिडिओ तोच. खालच्या कमेंटमध्ये मात्र दोन गट ठरलेले. एक गट म्हणतो, बरं झालं, झोप उडवली होती. दुसरा म्हणतो, ‘अरे, सायलेन्सर मोकळा केला की गाडी पळते, पोलिसांना काय कळतंय?’

पिंपरी-चिंचवडमध्ये हा दुसरा गट मोठा आहे, आणि त्याचं नवल नाही. इथे घरटी एखादा तरी माणूस गाड्यांच्या नाहीतर त्यांच्या सुट्या भागांच्या कंपनीत असतो. इंजिन उघडून बघायची खाज या शहराच्या रक्तातच आहे. पण गंमत अशी, की मोकळ्या सायलेन्सरने गाडी पळते की नाही याचं उत्तर याच पट्ट्यातल्या कंपन्यांनी कधीच देऊन ठेवलंय.

आधी एक साधी गोष्ट. इंजिनाची ताकद पेट्रोलमुळे येते असं आपण म्हणतो, पण खरी अडचण हवेची असते. पेट्रोल वाढवणं सोपं आहे, ते जळायला लागणारी हवा सिलेंडरमध्ये कोंबणं अवघड. ही हवा आत येते आणि जळून बाहेर जाते ती सिलेंडर हेडमधून. व्हॉल्व्ह तिथेच, स्पार्क प्लग तिथेच, हवेचे रस्ते म्हणजे पोर्टही तिथेच. हेड हा इंजिनाचा दरवाजा आणि एक्झॉस्ट हा त्यापुढचा बोळ. दरवाजा अरुंद असेल तर बोळ कितीही रुंद करा, गर्दी दारातच अडणार.

आता चाकणचं उदाहरण. बजाजने 2007 मध्ये पल्सर 200 आणली. सुमारे 199 सीसी, दोन व्हॉल्व्ह, ताकद 18 हॉर्सपॉवरच्या आसपास. 2012 मध्ये त्याच कंपनीची पल्सर 200 एनएस आली. सीसी जवळपास तेवढेच, ताकद मात्र 23.5. त्याच वर्षी चाकणच्याच कारखान्यातून केटीएमची 200 ड्यूक बाहेर पडली, तिची ताकद 25. सिलेंडरचा आकार वाढला नाही, तरी पाच-सात हॉर्सपॉवर आले कुठून?

बराचसा हिशोब हेडमध्ये आहे. दोनऐवजी चार व्हॉल्व्ह आले, म्हणजे एका दाराऐवजी दुहेरी दार. जोडीला पाण्याने थंड होणारं इंजिन. त्यामुळे हेड गार राहतं आणि आतलं मिश्रण जास्त दाबता येतं. इथे एक आकडा बघण्यासारखा आहे. इंजिनाची ओढ, म्हणजे टॉर्क, पल्सर 200 मध्ये सुमारे 17 न्यूटन मीटर होता, एनएसमध्ये 18.3. फार नाही वाढला. पण जुन्या इंजिनाची सगळ्यात जास्त ताकद 8000 आरपीएमला मिळायची, नव्याची 9500 ला. ताकद म्हणजे टॉर्क गुणिले आरपीएम. नवं इंजिन वरच्या आरपीएमलाही नीट श्वास घेऊ शकतं, म्हणून ते ताकदवान.

(याउलट 350 सीसीची बुलेट बघा. सीसी जवळपास पावणेदोन पट, ताकद 20 हॉर्सपॉवरच्या आसपास. ते इंजिन खालच्या आरपीएमला दणकून ओढण्यासाठीच बनवलंय, आणि त्यात काही चूक नाही. पण ज्या इंजिनाला मुळात धावायचंच नाही, त्याचा बोळ मोकळा करून ते ड्यूकसारखं धावणार नाही.)

हेडमधल्या बारीकशा बदलाची किंमत किती असते, हे कळायला आणखी मागे जावं लागेल. 2001 मध्ये आलेल्या पहिल्या पल्सर 150 ची ताकद सुमारे 12 हॉर्सपॉवर होती. 2003 मध्ये तिला डीटीएस-आय तंत्र मिळालं. हेडमध्ये एकाऐवजी दोन स्पार्क प्लग, समोरासमोर. एका टोकाला ठिणगी पडली की आग दुसऱ्या टोकापर्यंत पोहोचायला वेळ लागतो. दोन्हीकडून पेटवलं की मिश्रण लवकर आणि पूर्ण जळतं. एवढ्याने मिळाला साधारण एक हॉर्सपॉवर, आणि मायलेजला हातभार. फक्त एक! पण याच दोन प्लगच्या पेटंटवरून 2007 मध्ये बजाज आणि टीव्हीएस यांच्यात जुंपली. मद्रास हायकोर्टात सुरू झालेला वाद 2009 मध्ये सुप्रीम कोर्टापर्यंत गेला आणि शेवटी 2019 मध्ये आपसात मिटला. एका हॉर्सपॉवरसाठी कंपन्या दहा-बारा वर्षं भांडतात, तिथे दीड-दोन हजारांच्या सायलेन्सरने चार-पाच हॉर्सपॉवर मिळत असते तर त्यांनी ते सोडले असते का?

मग एक्झॉस्टचा काहीच उपयोग नाही का? आहे, आणि चांगलाच आहे. पण तो मोकळा करण्यात नाही, मोजून बनवण्यात आहे.

एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडला की जळालेला वायू दणक्यात बाहेर पडतो. 9500 आरपीएमला हे सेकंदाला जवळपास 80 वेळा घडतं. प्रत्येक दणक्याबरोबर दाबाची एक लाट पाईपमधून पळत जाते. पाईप जिथे रुंद होतो तिथून ती उलटी फिरते, पण परतताना ती ढकलत नाही, ओढते. ही ओढणारी लाट नेमक्या क्षणी हेडपाशी पोहोचली, तर सिलेंडरमध्ये उरलेला धूर खेचून काढते आणि मागोमाग ताजी हवा आत घेते. चुकीच्या क्षणी पोहोचली तर नुकसान. पाईपची लांबी, जाडी आणि आतल्या खोल्या यावरच हे गणित बसतं, आणि तेही ठरावीक आरपीएमलाच. बजाजने पुढे पल्सर आणि डिस्कव्हरला ‘एक्झॉसटेक’ नावाने पाईपच्या वळणावर एक छोटा डबा लावला, तो यासाठीच. खालच्या आणि मधल्या आरपीएमला ओढ मिळावी म्हणून. अनेकांना तो डबा म्हणजे उगाच लावलेलं शोभेचं बोंडूक वाटायचा.

आता पुंगळी काढली की काय होतं? आवाज अडवणाऱ्या आतल्या जाळ्यांसोबत ही मोजून बसवलेली लाटही जाते. सिग्नलवरून उठताना गाडी अनेकदा आधीपेक्षा ढिली वाटते. कार्ब्युरेटरच्या गाडीत हवा-पेट्रोलचं प्रमाण बिघडून हेड जास्त तापू शकतं. एप्रिल 2020 पासून आलेल्या बीएस-6 गाड्यांचा मामला तर आणखी नाजूक. त्यांच्या एक्झॉस्टमध्ये ऑक्सिजन सेन्सर असतो, जो इंजिनाला किती पेट्रोल द्यायचं ते सांगतो. धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टरही तिथेच. तो काढून फेकला की मागच्या गाडीवाल्याच्या नाकात काय जातं, ते वेगळं सांगायला नको.

आणि ते फटाके? गाडी चालू असताना किल स्विच दाबून सोडला की न जळलेलं पेट्रोल तापलेल्या पाईपमध्ये जातं आणि तिथे फुटतं. म्हणजे ज्या पेट्रोलने चाक फिरायला हवं होतं, ते सायलेन्सरमध्ये जळालं. याला ताकद म्हणणं म्हणजे कमालच.

तरीही सायलेन्सर बदलणारा शपथेवर सांगतो, गाडी पळते. तो खोटं बोलत नसतो. आवाज वाढला की वेग वाढल्यासारखा वाटतो. शिवाय बाहेरचा सायलेन्सर बऱ्याचदा कंपनीच्या सायलेन्सरपेक्षा हलका असतो, तेवढा फरक खरा. पण इंजिनाची ताकद कानाने मोजत नाहीत, डायनोवर मोजतात. शर्यतीच्या गाड्यांमध्ये एक्झॉस्टबरोबर ईसीयूचं मॅपिंग, एअर फिल्टर आणि कधी कधी हेडचे पोर्टही बदलतात, मग कुठे आकडा हलतो. त्या गाड्या ट्रॅकवर चालतात, निगडीच्या चौकात नाही.

काही जण थेट हेडलाच हात घालतात. हेडचा खालचा भाग किंचित घासला की आतली जागा कमी होते आणि दाब वाढतो. भोसरी एमआयडीसीत असं अचूक काम करणारे हात भरपूर आहेत. प्रश्न हाताचा नाही, पुढच्या हिशोबाचा आहे. दाब वाढला की साधं पेट्रोल वेळेआधीच पेटायला लागतं, इंजिन खटखट वाजतं आणि पिस्टनला भोक पडेपर्यंत गोष्ट जाऊ शकते. जास्तच घासलं तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतो.

हेच गणित पाण्यातही लागू होतं. बोटीच्या इंजिनाचं हेड आणि एक्झॉस्ट बदलून ताकद वाढवली, पण पंखा तोच ठेवला, तर फायदा पाण्यातच जातो. जड बोटीचा वेग जेमतेम 10 टक्के वाढवायला ताकद साधारण 33 टक्के जास्त लागते. वर अनेक बोटींच्या एक्झॉस्टमध्ये थंड करायला पाणी सोडलेलं असतं. पाईपची उंची चुकली की ते उलटं सिलेंडरमध्ये शिरतं. बाईकवाल्याचा निदान एवढा तरी त्रास वाचतो.

त्याला त्रास कायद्याचा. कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत बदल करायला मोटार वाहन कायद्याचं कलम 52 मनाई करतं आणि जानेवारी 2019 मध्ये सुप्रीम कोर्टानेही तेच सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलासाठी मालकाला 5000 रुपयांपर्यंत दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. आवाज आणि धुराचे नियम मोडल्यास कलम 190 खाली पहिल्याच वेळी 10,000 रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, लायसन्सही तीन महिने जाऊ शकतं. विमा कंपनीला न कळवता बदल केला असेल तर अपघातानंतर क्लेम अडकू शकतो, ते वेगळंच.

175 सीसीच्या वरच्या दुचाकीसाठी 2005 पासून लागू झालेली आवाजाची मर्यादा 80 डेसिबल आहे, कंपनीतून बाहेर पडतानाची. डेसिबलचं मोजमाप फसवं असतं. 80 चे 90 झाले तर आकडा थोडाच वाढलेला दिसतो, पण आवाजाची ऊर्जा दहापट होते आणि कानाला तो साधारण दुप्पट लागतो. चाकणच्या कंपनीत नाईट शिफ्ट करून सकाळी झोपलेल्या माणसाला हे डेसिबल न शिकताही कळतं.

गाडी ढिली वाटत असेलच, तर एअर फिल्टर, टॅपेट सेटिंग, स्पार्क प्लग, चेन आणि टायरमधली हवा, एवढं एकदा तपासून घ्या. बऱ्याचदा हरवलेला हॉर्सपॉवर तिथेच सापडतो, आणि बिल सायलेन्सरपेक्षा कमी येतं. पुंगळी आधीच काढून झाली असेल, तर कंपनीचा जुना सायलेन्सर माळ्यावर शोधा. भंगारात घातला असेल तर नवा घ्यावा लागेल, आणि बीएस-6 गाडीचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टरसह येणारा सायलेन्सर स्वस्त नसतो.