हार्वेस्टर सावलीत का लावायचा?

कारखान्याचा पट्टा पडला की निमगाव केतकीच्या परिसरातले ऊस तोडणीचे हार्वेस्टर एका जागी उभे राहतात. भवानीनगरचा छत्रपती, बिजवडीचा कर्मयोगी, शहाजीनगरचा नीरा-भीमा, कुठल्याही कारखान्याला चालणारं मशीन घ्या, ते साधारण मार्च-एप्रिलपासून थेट दिवाळीच्या आसपासच हलतं. किंमत कोटीच्या घरात, डोक्यावर बँकेचे हप्ते. "चालतच नाही, तर झिजेल कशाला?" असं वाटणं साहजिक आहे. पण माझ्या पीएचडीचा विषय रबर म्हातारं कसं होतं हा आहे, आणि त्याचं उत्तर असं आहे की उभं मशीनही झिजतं. ती झीज घासण्यामुळे होत नाही, रसायनामुळे होते.

हवेतला ऑक्सिजन रबराच्या लांब साखळ्यांवर हळूहळू काम करत राहतो. त्यामुळे रबर कडक होतं, मग चिरतं. टायर, हायड्रोलिक पाईप, ऑइल सील, सगळ्यांची हीच गोष्ट. या कामाचा वेग तापमानावर ठरतो. स्वीडनच्या स्वांते अऱ्हेनियस यांनी १८८९ मध्ये हा संबंध गणितात मांडला. त्यावरून आलेला ढोबळ नियम असा: तापमान १० अंशांनी वाढलं की रासायनिक क्रिया साधारण दुप्पट वेगाने होते. प्रत्येक पदार्थाला तो तंतोतंत लागू पडत नाही, पण अंदाजाला पुरतो.

आता ऊन आणि सावली यांत फरक किती? अमेरिकेतल्या ॲरिझोनाच्या वाळवंटात हा प्रश्न नेहमीचाच. हिवाळा तिथं काढणारे अनेक लोक उन्हाळ्यात आपली मोटर होम, म्हणजे चाकांवरची घरं, तिथंच लावून थंड प्रदेशात जातात. तिथल्या ॲरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी कडक उन्हाळ्यात मोटारी उन्हात आणि सावलीत लावून मोजमाप केलं. ते २०१८ मध्ये प्रसिद्ध झालं. तासाभरात उन्हातल्या गाडीचा डॅशबोर्ड सरासरी ६९ अंशांवर गेला, सावलीतला ४८ वर राहिला. स्टिअरिंग ५३ आणि ४२.

डॅशबोर्डचा फरक २१ अंशांचा. आपल्या ढोबळ नियमाने दोनदा दुप्पट, म्हणजे भर दुपारच्या त्या तासांत उन्हातल्या भागाचं वय चौपट वेगाने वाढतं. हवा तीच, गाव तेच, फक्त डोक्यावर आडोसा नाही.

आपल्याकडे हा आडोसा वरूनच हवा, कारण आपण कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहोत. मेच्या दुसऱ्या आठवड्यात इथं दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो. भिंतीच्या कडेला लावलेल्या मशीनला तेव्हा भिंतीची सावली मिळत नाही. म्हणून वर छप्पर, आणि उतरत्या उन्हासाठी पश्चिमेला आडोसा. पानमळेवाल्यांना हे नव्यानं सांगायला नको. वेलीला शेवरी-शेवग्याची सावली लागते आणि वाराही खेळता लागतो. मशीनचंही तसंच. प्लॅस्टिकचा कागद थेट अंगावर गुंडाळला तर आत उष्णता कोंडते आणि पावसाळ्यात ओल धरते. पत्रा किंवा शेडनेट हातभर उंच, बाजू मोकळ्या.

टायरचं आणखी एक दुखणं आहे: ओझोन. उन्हात धुरातल्या वायूंपासून तो तयार होतो आणि ताणलेल्या रबराला चिरा पाडतो. टायरमध्ये त्यावर उपाय म्हणून मेण घातलेलं असतं. चाक फिरताना रबर दबतं-सुटतं आणि मेण पृष्ठभागावर येतं. उभ्या टायरला ते पुरेसं मिळत नाही, शिवाय सगळा भार एकाच जागी राहतो. म्हणून मशीन ठोकळ्यांवर घ्यावं. जमत नसेल तर हवा नीट ठेवून महिन्यातून एकदा थोडं पुढे-मागे करावं.

बॅटरीलाही उष्णतेचा हाच नियम. वापर नसताना ती आपोआप उतरते, आणि उन्हाळ्यात जास्त लवकर. उतरलेली तशीच राहिली की शिशाच्या पट्ट्यांवर सल्फेटचे खडे घट्ट बसतात, मग ती चार्ज धरत नाही. आधी निगेटिव्ह वायर काढायची, बॅटरी सावलीत ठेवायची, महिन्याला व्होल्ट बघायचे. १२ व्होल्टची बॅटरी १२.४ च्या खाली गेली की चार्जिंगला लावायची.

आणि उभं करण्याआधी मशीन स्वच्छ धुवून, वाळवून घ्यायचं. उसाचा रस आंबला की आम्ल तयार होतं आणि लोखंड खातं. गोडीला मुंग्या येतात, पाचटात उंदीर घर करतात आणि वायरी कुरतडतात. डिझेलची टाकी भरून ठेवली तर आत दमट हवेला जागा कमी राहते, पाणी कमी साचतं.

यातलं एकच काम जमणार असेल, तर छप्पर करा. उष्णतेने होणारी झीज तेवढ्यानेच बरीच मंदावते, आणि त्याचा खर्च हायड्रोलिक पाईपांच्या एका नव्या संचापेक्षा जास्त होतो का, हा हिशोब पट्टा पडायच्या आधीच करून बघा.