बुडता बुडता वाचलेली मुलगी ऑलिम्पिकच्या तलावात!

पाच वर्षांची एक मुलगी पाण्यात बुडता बुडता वाचली. अशा प्रसंगानंतर आपल्याकडे घरोघरी काय होतं, ते वेगळं सांगायला नको. आई मुलीला उराशी धरते, आजी मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकते आणि ‘यापुढे पाण्याच्या जवळपास फिरकायचं नाही’ असं फर्मान सुटतं. मुलगी मोठी होते, लग्न होऊन सासरी जाते, पण पोटातली भीती काही जात नाही. सहलीला समुद्रावर गेली तरी घोट्यापर्यंत पाय भिजवते आणि मागे फिरते.

बंगळूरमध्ये २० मार्च १९८२ रोजी जन्मलेल्या निशा मिलेटच्या वडिलांनी मात्र नेमकं उलट केलं. पाण्यानं पोरीला घाबरवलंय ना, मग तिला पोहता आलंच पाहिजे, असं ऑब्रे मिलेट यांनी ठरवलं. कुटुंब तेव्हा चेन्नईत, म्हणजे त्या वेळच्या मद्रासमध्ये राहत होतं. तिथल्या शेनॉयनगर क्लबच्या तलावात १९९१ मध्ये निशा वडिलांच्या देखरेखीखाली पोहायला शिकली. वय वर्षं नऊ. पोहण्याच्या स्पर्धेत उतरणाऱ्यांच्या हिशेबानं हा उशीरच. पण दुसऱ्याच वर्षी, १९९२ मध्ये, राज्य पातळीवर ५० मीटर फ्रीस्टाइलमध्ये तिला पहिलं पदक मिळालं आणि पहिल्या धड्यानंतर अवघ्या नऊ वर्षांनी ही मुलगी सिडनी ऑलिम्पिकच्या तलावात उभी होती!

पोहणं आपल्याला काही नवीन नाही. पाठीला डबा किंवा सुका भोपळा बांधून पोरांना विहिरीत ढकलून द्यायची पद्धत गावोगाव होती. दोन उन्हाळ्यांत पोरगा पट्टीचा पोहणारा व्हायचा. त्याच्या बहिणी मात्र काठावर कपडे सांभाळत बसायच्या. मुलींनी स्विमिंग सूट घालून चारचौघांत पोहायचं, ही कल्पनाच अनेक घरांना सोसायची नाही. जी घरं थोडी पुढारलेली, तिथे वेगळी काळजी. उन्हानं पोर काळवंडेल, क्लोरीननं केस जातील, खांदे मुलांसारखे रुंद होतील, मग स्थळं कशी यायची? शाळेत असेपर्यंत दहा-बारा पदकं मिळवलेल्या किती मुली दहावीच्या उंबरठ्यावर तलावातून कायमच्या बाहेर पडल्या असतील, याची नोंद कुणी ठेवलेली नाही.

म्हणूनच १९५२ सालच्या हेलसिंकी ऑलिम्पिकची आठवण काढायला हवी. मुंबईची डॉली नाझीर आणि कोलकात्याची आरती साहा या दोघी तिथे पोहल्या. ऑलिम्पिकमध्ये पोहणाऱ्या भारताच्या या पहिल्या मुली. आरतीला तर बारावं वर्षही पूर्ण झालं नव्हतं. तिनेच पुढे १९५९ मध्ये इंग्लिश खाडी पोहून पार केली. असं करणारी ती आशियातली पहिली स्त्री ठरली. इतकी झकास सुरुवात झाली खरी, पण नंतर ऑलिम्पिकच्या तलावात भारतीय मुलगी दिसणं हा अपवादच राहिला.

निशाकडे परत येऊ. १९९४ मध्ये ती वयानं अजून सब-ज्युनिअर गटातली, जेमतेम बारा वर्षांची. तरीही वरिष्ठ गटाच्या राष्ट्रीय स्पर्धेत फ्रीस्टाइलच्या पाचही प्रकारांत तिने सुवर्णपदकं पटकावली. ५० मीटर ही श्वास रोखून मारलेली धाव, तर ८०० मीटर म्हणजे दमसासाची परीक्षा. एकाच मुलीनं दोन्ही टोकं जिंकावीत, हे धावण्याच्या शर्यतींत जवळपास अशक्यच. त्याच वर्षी हाँगकाँगमध्ये तिने पहिलं आंतरराष्ट्रीय पदकही मिळवलं.

आता प्रश्न होता पुढच्या तयारीचा. मिलेट कुटुंबानं बिऱ्हाड आवरलं आणि बंगळूर गाठलं. मुलाच्या इंजिनिअरिंगसाठी गाव बदलणारे आई-बाप आपण पाहतो. मुलीच्या पोहण्यासाठी घर हलवणारे किती? बसवनगुडी अॅक्वॅटिक सेंटरमध्ये प्रशिक्षक प्रदीप कुमार यांच्या हाताखाली निशाची खरी घडण झाली.

इथे बंगळूरबद्दल एक गंमत सांगायला हवी. या शहराला समुद्र नाही, सांगण्यासारखी नदीही नाही. समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवरचं हे गाव, समुद्र गाठायचा तर मंगळूरपर्यंत साडेतीनशे किलोमीटर जायचं. तरीही भारतीय जलतरणाची राजधानी कोणती म्हणाल, तर हीच! चांगले तलाव आणि पोरांवर वर्षानुवर्षं मेहनत घेणारे प्रशिक्षक इथे एकत्र आले, एवढंच त्याचं रहस्य. २००८ च्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये पोहलेला आपला कोल्हापूरचा वीरधवल खाडेही बंगळूरमध्येच निहार अमीन यांच्याकडे तयार झाला.

स्पर्धेसाठी पोहणाऱ्या मुलीचं घर कसं चालतं, हे ज्यानं पाहिलंय त्यालाच कळेल. पहाटे साडेचारला गजर. डिसेंबरच्या थंडीत, अंधार फिटायच्या आत पाण्यात उडी. दोन तासांत चार-पाच किलोमीटर पोहून ओल्या केसांनी शाळा, संध्याकाळी पुन्हा तलाव. आणणं-सोडणं, डबे आणि सतत लागणारी भूक हे सगळं आई-बापांकडे. एवढं करून वर्षाअखेरीस हाती काय? टायमिंगमध्ये अर्ध्या सेकंदाची सुधारणा! तीही झाली तर.

निशाची सुधारणा होत गेली. मणिपूरमध्ये १९९९ मध्ये झालेल्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत तिने तब्बल १४ सुवर्णपदकं जिंकली. १०० मीटर फ्रीस्टाइल एका मिनिटाच्या आत पूर्ण करणारी ती पहिली भारतीय महिला ठरली. ऑस्ट्रेलियाच्या डॉन फ्रेझरनं ही मिनिटाची भिंत १९६२ मध्येच पाडली होती, हेही इथेच सांगितलेलं बरं. आपण जगाच्या किती मागे होतो, ते या एका गोष्टीवरून कळतं, आणि निशानं एकटीनं केवढं अंतर कापलं तेही.

सप्टेंबर २०००. सिडनी. प्रकार २०० मीटर फ्रीस्टाइल. पन्नास मीटरच्या तलावात चार फेऱ्या. हा मोठा फसवा प्रकार. पहिल्या फेरीत जोर लावला तर तिसऱ्या फेरीत हात दगडासारखे जड होतात. राखून पोहलं, तर पुढे गेलेल्या हाती लागत नाहीत. अठरा वर्षांची निशा त्या ऑलिम्पिकच्या तलावात उतरलेली एकमेव भारतीय महिला होती आणि आपली हीट तिने जिंकली!

पण ऑलिम्पिकमध्ये सुरुवातीच्या हीट्समध्ये कमी वेगाच्या नोंदी असलेल्या जलतरणपटूंना ठेवतात. पुढे जायचं तर सगळ्या हीट्स मिळून पहिल्या सोळांत वेळ बसावी लागते. निशाची बसली नाही. सुवर्णपदक यजमान ऑस्ट्रेलियाच्या सूझी ओ’नीलनं नेलं. भारताचे डोळे तेव्हा वेटलिफ्टिंगमध्ये कांस्यपदक मिळवणाऱ्या कर्णम मल्लेश्वरीकडे होते, आणि ते योग्यही होतं. तलावातल्या मुलीकडे बघायला कुणाला सवड नव्हती. त्याच साली निशाला अर्जुन पुरस्कार मिळाला, ही त्यातल्या त्यात समाधानाची गोष्ट.

अठरा हे काही थांबायचं वय नव्हे. खरी कमाई पुढच्या चार वर्षांत व्हायची. पण २००२ मध्ये तिला पाठीवर शस्त्रक्रिया करून घ्यावी लागली. पोहणाऱ्याचं सगळं शरीर पाठीच्या कण्याभोवती फिरतं. प्रत्येक हातामागे खांदा वळतो, प्रत्येक वळणावर पाण्याखाली कोलांटी. त्या पाठीला टाके पडल्यावर पुन्हा तलावात उतरणं, हेच मुळात धाडस. ती उतरली. २००४ च्या अथेन्स ऑलिम्पिकसाठी झटली आणि अगदी थोडक्यात हुकली.

अशा वेळी परदेशातली खेळाडू काय करते? आणखी चार वर्षं घेते. निशाला ते परवडण्यासारखं नव्हतं. या शब्दाचा इथे शब्दशः अर्थ घ्यायचा. जागतिक दर्जा टिकवायचा म्हणजे परदेशी स्पर्धा, प्रशिक्षण, आहार, उपचार, सगळंच खर्चाचं. क्रिकेटपटूच्या बॅटवर स्टिकर लावायला कंपन्यांची रांग लागते. पोहणारीच्या टोपीवर नाव छापायला कोण येणार? बोजा घरावर पडत होता. देशातली सर्वोत्तम जलतरणपटू म्हणून जिचं नाव घेतलं जात होतं, तिने बाविसाव्या वर्षाच्या आसपास स्पर्धेतून अंग काढून घेतलं. तिची पाठ सावरली होती, घरचा हिशेब मात्र जुळत नव्हता. खेळाडूच्या जिद्दीवर आपण रकाने भरभरून लिहितो. आई-बापांच्या बँक पासबुकावर क्वचितच लिहितो.

अथेन्सला बंगळूरची मुलगी गेलीच, ती म्हणजे शिखा टंडन. ५० आणि १०० मीटर फ्रीस्टाइल अशा दोन प्रकारांत ती उतरली. निशा मात्र काठावर आली, पण तलाव काही तिने सोडला नाही. बंगळूरमध्ये स्वतःच्या नावाची स्विमिंग अकादमी काढून ती शिकवू लागली. नुसती पदकवाली पोरं घडवायची असा तिचा हट्ट नाही. पाण्याला भिणारी चिमुरडी आणि आयुष्यात पहिल्यांदाच तलावात पाय टाकणारी मोठी माणसंही तिच्या अकादमीत शिकतात. आपल्या देशात बुडून मरणाऱ्यांची संख्या दरवर्षी तीस हजारांहून अधिक असते, हे लक्षात घेतलं तर या कामाचं मोल कळेल. शिवाय पाण्यातली भीती म्हणजे काय, हे तिला कुणी समजावून सांगायची गरज नाही. पुढे ती जुळ्या मुलींची आईही झाली.

आणि २०२४ मध्ये पॅरिस ऑलिम्पिकच्या तलावात पुन्हा बंगळूरची एक मुलगी उतरली. धिनिधी देसिंघू, वय चौदा. प्रकार तोच, २०० मीटर फ्रीस्टाइल. तिनेही आपली हीट जिंकली. वेळ दोन मिनिटं ६.९६ सेकंद. एकूण क्रमांक तेविसावा. उपांत्य फेरी पहिल्या सोळांसाठीच होती.