मरळीच्या थव्यावर गळ
गोदाकाठचे मासे : लेखांक ७

सायखेड्याच्या पुलावर रविवारी सकाळी दहा मिनिटे उभे राहा. काठाला लागलेल्या पानवेलीच्या कडेने हौशी गळकरी दिसतील. हातात फायबरची काठी, काठीला रीळ, दोऱ्याच्या टोकाला रबरी बेडूक. बेडूक पानवेलीवर टाकायचा आणि टुणटुण उडवत मोकळ्या पाण्यात आणायचा. खालून धाडकन पाणी फुटले, की समजायचे मरळ आली.

गेल्या आठवड्यात आपण जाळ्याच्या आसाबद्दल, म्हणजे भोकांबद्दल, बोललो. आज गळ. जाळ्याकडे निदान सरकारचे लक्ष असते. गळकऱ्याला मात्र ‘एखाद-दुसरा मासा नेतो बिचारा’ म्हणून सगळेच सोडून देतात.

आधी मरळ समजून घेऊ. तिचे नुसत्या कल्ल्यांवर भागत नाही, हवेचा घोट घ्यायला तिला वर यावेच लागते. शहराचे सांडपाणी पोटात घेऊन येणाऱ्या आपल्या गंगेत ती तगून आहे ती याच सवयीच्या जोरावर. (गोदाकाठी गोदावरीला कुणी गोदावरी म्हणत नाही, ती गंगाच.) पावसाळा लागला की जोडी काठच्या गवतात जागा मोकळी करते. अंडी पाण्यावर तरंगतात. पिल्ले फुटली की ती लालसर, शेकड्यांनी, एका गठ्ठ्याने फिरतात आणि आईबाप खालून पहारा देतात. आता गंमत अशी, की पिल्लांनाही हवा लागते. थवा वर येतो तेव्हा एवढ्याशाच जागेत पाऊस पडावा तशी पाण्यावर खळबळ उठते. मुरलेला गळकरी नेमका त्या खळबळीत बेडूक टाकतो. त्या घडीला मरळीला भूक नसते. पिल्लांवर चालून आलेल्या बेडकाला हाकलायला ती झेपावते आणि गळाला लागते.

‘पण आम्ही मरळ सोडून देतो,’ असे यावर बरेच जण म्हणतात. नेमक्या याच वाक्यावर उत्तर अमेरिकेत अनेक वर्षे वाद चालू आहे. तिथला मासा बास.

बास हा तिकडच्या हौशी गळकऱ्यांचा जीव की प्राण. वसंतात पाणी पंधरा-सोळा अंशांपर्यंत तापले की नर शेपटीने तळ झाडून खळगा करतो, मादी अंडी घालून निघून जाते आणि राखण नराकडे येते. तोही गळावर येतो तो रागाने. म्हणून कॅनडातल्या ओंटारिओच्या बऱ्याच भागांत जूनच्या उत्तरार्धापर्यंत बास धरायला बंदी असते. न्यूयॉर्क राज्यातही काही भागांत थंडीपासून जूनच्या मध्यापर्यंत बंदी होती. २०२२मध्ये त्या राज्याने नियम सैल केला : १ डिसेंबर ते १४ जून बास पकडा, पण लगेच सोडा, घरी न्यायचा तो १५ जूनपासून. मिशिगनने त्याआधीच हीच वाट धरली होती.

अभ्यासकांनी पाण्यात उतरून पाहिले, तेव्हा नर गळावर वर गेला की आसपासचे ब्लूगिल मासे खळग्यावर तुटून पडताना दिसले. नर जितका वेळ दूर, तितकी अंडी कमी. आणि फारच थोडी उरली तर परतलेला नर खळगा सोडून देतो. जागच्या जागी दोन मिनिटांत सोडलेला नर बहुधा परत कामाला लागतो. पण स्पर्धांमध्ये मासा होडीच्या टाकीत घालून वजनकाट्यापर्यंत नेतात. तो तिथून सोडला तरी त्याचे घर गेलेलेच असते.

बंदी नको म्हणणाऱ्या दुसऱ्या बाजूचेही म्हणणे पोकळ नाही. दक्षिणेकडच्या अनेक राज्यांत बंदी नाही, तरी तळी बासने भरलेली आहेत. एका खळग्यात हजारो अंडी असतात. त्यातली बहुतेक एरवीही मरणारच. किती जगतील ते थंडी आणि खाद्य ठरवते. मला वाटते, दोघे आपापल्या पाण्यापुरते खरे बोलतात. उत्तरेत उन्हाळा तोकडा. तिथे पहिली वीण गेली तर उशिरा जन्मलेल्या पिल्लाला हिवाळ्याआधी वाढायला वेळच उरत नाही.

आपल्याकडे अडचण आणखी निराळी. आपला मासा पावसाचे ऐकतो, आणि पाऊस कुणाचेच ऐकत नाही. समुद्रावर १ जून ते ३१ जुलै अशी सरळ बंदी चालते. मध्य प्रदेशाने १९७२च्या नियमांनी नद्यांसाठी १६ जून ते १५ ऑगस्ट ठरवून टाकले. पण पहिल्या लोंढ्याबरोबर ओढ्यात चढणीचे मासे येतात, तो दिवस कधी जूनचा असतो, कधी जुलैचा. त्या दिवशी गाव टोपल्या घेऊन धावते, आणि टोपलीतल्या निम्म्या माशांच्या पोटात गाबोळी असते. आपल्या परंपरेने बंदीचा एक महिना दिला खरा, श्रावण. पण त्याआधी गटारी येते! मासा विणीवर असताना आषाढात आपण भरपूर खाऊन घेतो आणि मग पुण्याईने थांबतो.

कायद्याचेही लक्ष जाळ्यावरच. १८९७च्या इंग्रजी अमदानीतल्या कायद्याने सुरुंग आणि विष बंद केले, शिक्षा दोन महिने कैद किंवा दोनशे रुपये दंड. जाळ्यांचा प्रकार नि आकार, बांध, एखादे पाणी दोन वर्षांपर्यंत बंद ठेवणे, यावर नियम करण्याची सोय ठेवली. विणीवर बसलेल्या एकट्या माशाचा विचार त्यात नाही. सायखेड्याच्या खाली नांदूरमध्यमेश्वरच्या अभयारण्यात वन्यजीव कायदा आडवा येतो. १९८६पासूनचे हे अभयारण्य. जानेवारी २०२०मध्ये राज्यातले पहिले रामसर स्थळ म्हणून जाहीर झाले. पण अभयारण्याची हद्द मरळीला कुठे ठाऊक असते?

म्हणून मरळीपुरती तारीख नकोच, असे माझे मत झाले आहे. खळबळ दिसली की गळ गुंडाळावा आणि पन्नास पावले पुढे जावे. हा नियम पाळायला अधिकारी लागत नाही आणि पाऊस लांबला तरी तो चुकत नाही. चोरून मोडता येईल, हे खरे. पण तारखेचा नियमही चोरून मोडतातच. स्पर्धा भरवायच्याच असतील तर जून ते ऑगस्ट सोडून भराव्यात. तिथे मात्र तारीख हवी, कारण स्पर्धेत कुणी पन्नास पावले पुढे जात नाही.

एक गोष्ट मात्र माझ्याच युक्तिवादात खुपते. पिल्ले सांभाळतो म्हणून मासा वाचवायचा, तर चिलापीचे काय? तिची मादी अंडी नि पिल्ले तोंडात घेऊन फिरते. त्या काळात ती जवळपास उपाशीच असते. मायेत ती मरळीला हार जाणार नाही. पण चिलापी आफ्रिकेची, १९५२मध्ये भारतात आणलेली, आणि आता देशी माशांच्या वाट्याचे खाऊन बसलेली. ती बाराही महिने धरावी, गाबोळीसकट धरावी, असे मी बेधडक सांगेन. तिच्याबरोबर परदेशी मांगुराचाही विषय आलाच. तो पुढच्या आठवड्यात.