दुसरा स्पेल

बेसबॉलमध्ये 'रिलीव्हर' नावाचा एक खेळाडू असतो. आपल्या बोलरसारखा तिथला पिचर. सुरुवात करणारा पिचर दमला किंवा मार खायला लागला की त्याच्या जागी हा येतो. अगदी शेवटी आघाडी राखायला जो येतो त्याला 'क्लोजर' म्हणतात. मेक्सिकोतल्या मोंक्लोवा या पोलादाच्या गावचा होआकिम सोरिया हा असाच एक. कोपराची दोन ऑपरेशन्स सोसून तो २००७ ते २०२१ या काळात अमेरिकेच्या मेजर लीगमध्ये खेळला. राखलेले सामने २२९, मेक्सिकोत जन्मलेल्या पिचर्समध्ये सर्वाधिक!

बेसबॉलचा नियम असा, की एकदा बाहेर गेलेला पिचर त्या सामन्यात परत येत नाही. क्रिकेटमध्ये मात्र सकाळी नवा चेंडू टाकणाऱ्यालाच संध्याकाळी जुना चेंडू घेऊन परत यावं लागतं, पाय दुखत असले तरी. म्हणजे आपला फास्ट बोलर हा स्वतःचाच रिलीव्हर. आणि हे काम आपल्या महाराष्ट्रातल्या कुणी सगळ्यात चांगलं केलं असेल, तर ते झहीर खानने, असं माझं ठाम मत आहे.

झहीर नगर जिल्ह्यातल्या (आताचा अहिल्यानगर) श्रीरामपूरचा, जन्म ७ ऑक्टोबर १९७८. वडील फोटोग्राफर, आई शिक्षिका. पोरगा अभ्यासात बरा, म्हणून प्रवरानगरला मेकॅनिकल इंजिनिअरिंगचा रस्ता धरला होता. आपल्या कासारवाडीच्या नाशिक फाट्यावरून एसटी पकडून संगमनेरला उतरलं, की तिथून ते कॉलेज फार लांब नाही. देशात इंजिनिअर पुष्कळ आहेत, तू फास्ट बोलर हो, असा सल्ला चक्क वडिलांनी दिला! (हे वाचून कुणी घरी फोन करू नये. सगळेच वडील असे नसतात.) सतराव्या वर्षी तो मुंबईला गेला. तिथे सुधीर नाईक यांच्या नॅशनल क्रिकेट क्लबमध्ये खेळला, मग चेन्नईला एमआरएफ पेस फाउंडेशनमध्ये घडला. रणजी पदार्पण मुंबईकडून नाही, बडोद्याकडून झालं आणि २००० साली तो भारताच्या संघात आला.

सुरुवात झकास झाली, पण २००३ च्या वर्ल्डकप फायनलची पहिली ओव्हर कुणी विसरेल का? १५ धावा गेल्या. शेवटी ७ षटकांत ६७, विकेट शून्य. त्याच वर्षी ब्रिस्बेनला ऑस्ट्रेलियाच्या पाच विकेट काढल्या आणि लगेच मांडीचा स्नायू दुखावला. पुढची दोन वर्षं दुखापत, पुनरागमन, पुन्हा दुखापत अशीच गेली. २००६ च्या मध्यावर तर तो भारतीय संघाच्या बाहेरच होता.

तेव्हा तो इंग्लंडमध्ये वूस्टरशायर काउंटीकडून खेळायला गेला. तिथे रोज उठून बोलिंग. एवढी षटकं टाकायची तर शरीर वाचवलं पाहिजे, म्हणून त्याने रनअप आखूड केला. ताकद कमी खर्च करून तेवढंच काम कसं काढायचं, हा तर आपल्या मशीन डिझाइनचाच प्रश्न! त्या मोसमात त्याने ७८ विकेट्स घेतल्या, त्यात इसेक्सविरुद्ध एकाच डावात नऊ. पुढच्याच वर्षी ट्रेंट ब्रिजला कसोटीत नऊ बळी घेऊन सामना जिंकून दिला आणि भारताने २१ वर्षांनी इंग्लंडमध्ये मालिका जिंकली.

आता थोडं फ्लुइड मेकॅनिक्स. नवा चेंडू शिवणीच्या दिशेने वळतो. एक बाजू खरखरीत झाली आणि दुसरी घासून चकचकीत ठेवली, तर वेगात टाकलेला जुना चेंडू उलटा, म्हणजे चकचकीत बाजूकडे वळतो. हाच रिव्हर्स स्विंग. म्हणून चकाकी कुठल्या बाजूला आहे हे बॅट्समन डोळ्यांत तेल घालून बघत असतो. झहीर धावत येताना दुसऱ्या हाताने चेंडू झाकून यायचा. बघणार काय, कपाळ!

दुसरं हत्यार नकल बॉल, आणि तो आलाय थेट बेसबॉलमधून. चेंडू बोटांच्या पेरांनी धरायचा. सुटताना बोटांचा शेवटचा धक्का मिळत नाही, त्यामुळे हात तेवढ्याच वेगात येतो पण चेंडू हळू जातो, फिरतोही कमी. २०११ च्या वर्ल्डकपमध्ये झहीरने तो बाहेर काढला. क्वार्टर फायनलला अहमदाबादमध्ये मायकल हसीचा त्रिफळा संथ चेंडूवरच उडाला.

पण मला विचाराल तर त्या स्पर्धेतला खरा 'रिलीव्हर' दिसला २७ फेब्रुवारीला, बंगळुरूमध्ये. इंग्लंडला ३३९ हवे होते. २ बाद २८१, सात षटकांत ५८ हव्या, स्ट्रॉस दीडशेच्या पुढे. सामना गेल्यातच जमा. झहीर जुना चेंडू घेऊन परत आला. बेल गेला, पुढच्याच चेंडूवर यॉर्करने स्ट्रॉस पायचीत, पुढच्या षटकात कॉलिंगवूडच्या दांड्या गुल! सामना ३३८ वर टाय झाला.

वानखेडेवरच्या फायनलमध्ये त्याचा पहिला स्पेल होता ५ षटकं, ३ मेडन, ६ धावा, १ विकेट. शेवटच्या दोन षटकांत मात्र बेदम मार पडला आणि आकडा २ बाद ६० झाला. म्हणजे शेवटची षटकं टाकणं त्यालाही सोपं नव्हतं. तरीही स्पर्धेत २१ विकेट्स, आफ्रिदीबरोबर सर्वाधिक. २०१५ साली निवृत्त झाला तेव्हा कसोटीत ३११ आणि वनडेत २८२ बळी खात्यावर होते.

आपल्या होस्टेलच्या टेनिस बॉल मॅचमध्ये पहिली ओव्हर टाकायला सहा जण पुढे येतात. शेवटची ओव्हर म्हटली की सगळे बाउंड्रीवर! पहिल्या सेमिस्टरचा उत्साह आणि शेवटच्या सेमिस्टरचं सबमिशन यांचंही तसंच. नव्या चेंडूवर चमकणारे पुष्कळ भेटतात. मार खाऊन, रनअप आखूड करून, काहीतरी नवीन शिकून जो परत चेंडू मागतो, त्याचं करिअर लांबतं. तेव्हा पुढच्या रविवारी शेवटची ओव्हर कोण टाकणार, हे मेसमध्ये आत्ताच ठरवून टाका.